आक्काच्या तालुक्यापुरती जाहिरात

सिल्वासात आम्ही पहिल्यांदा संसार मांडला तो सायलीच्या रस्त्यावरच्या एका भाड्याच्या खोलीत. खोली कसली, वर पत्रा आणि खाली फरशी. पण शेजारून वर जायला जिना होता आणि जिन्याच्या टोकाला अर्धी उघडी गच्ची. त्या गच्चीवर माझ्या बायकोने तीन विटा मांडून चूल केली. कंपनीत मालाच्या मोडक्या लाकडी पॅलेट पडलेल्या असायच्या, त्यांच्या फळ्या मी सायकलला बांधून आणायचो. गावाहून येताना तिने मातीचं खापर गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन एसटीचा सगळा प्रवास केला होता. धुळ्याला गाडी बदलताना मी म्हटलं, "दे इकडे, मी धरतो." तिने दिलं नाही. माझ्या हातून काय काय फुटतं ते लग्नानंतर सहा महिन्यांतच तिच्या लक्षात आलं होतं.

पहिल्यांदा धूर दिसला तेव्हा घरमालकीण तरातरा वर आली. "आ शुं मांड्युं छे?" हिने पालथ्या खापरावरून नुकताच उतरवलेला पुरणाचा मांडा घडी घालून तिच्या हातावर ठेवला. त्या दिवसापासून धुराचं भांडण मिटलं. पुढे पुढे तर तीच विचारायला लागली की परत धूर कधी करणार.

मांडे ही आमच्या खानदेशातली गोष्ट. लाटणं लागत नाही. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवत न्यायचा आणि धोतरासारखा पातळ झाला की पालथ्या खापरावर टाकायचा. ही कला हिला आक्काने शिकवली. आक्का म्हणजे हिची थोरली बहीण, बारा वर्षांनी मोठी. आईवडील लवकर गेले, तेव्हा आक्कानेच हिला वाढवलं, शाळेत घातलं आणि माझ्यासारख्या फिटरच्या गळ्यात बांधलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात. हिचं माहेर म्हणजे शिरपूर तालुक्यातलं आक्काचं घर. दर आखाजीला ही तिकडे जायची. दोघी बहिणी एका खापरावर मांडे करायच्या, आणि आक्का सगळ्यांना आमरस वाढत हिंडायची.

एका वर्षी ते मोडलं, आणि ते माझ्यामुळे मोडलं. आमची दोऱ्याची कंपनी, मशीन वर्षातून एकदाच दुरुस्तीसाठी बंद होऊन उघडायची. नेमकी आखाजीच्या आठवड्यात ती उघडली. रजा मंजूर झाली होती, ती मॅनेजरने आयत्या वेळी रद्द केली. माझा राग मॅनेजरवर, पण मॅनेजरवर ओरडायची सोय नसते. मी घरी येऊन ओरडलो. "आखाजी काय दरवर्षी येते, नाही गेलं तर काय आभाळ कोसळणार आहे?" तिला एकटीला एसटीत बसवून देता आलं असतं. तेही केलं नाही. "उद्या निघू" म्हणत तीन दिवस काढले, आणि आपण निघणारच आहोत म्हणून हिने फोनही केला नाही.

तिकडे आक्काने खापर तापवून ठेवलं होतं. बहीण आल्याशिवाय पहिला मांडा टाकायचा नाही म्हणून दुपार उलटली तरी घरात कुणाला जेवू दिलं नाही. संध्याकाळी तिने चुलीवर पाणी ओतलं. त्यानंतर तिने हिचा फोन उचलला नाही. मी मुद्दाम रजा काढून हिला घेऊन गेलो, तर आक्काने मला "पाहुणे, चहा घ्या" म्हणून कप दिला, पाणी दिलं, पाऊसपाण्याची चौकशी केली, आणि सख्ख्या बहिणीकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. परतीच्या वाटेवर ही नवापूरपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

असा अबोला दोन वर्षं चालला.

त्याच काळात हिने मोबाइलवर चॅनेल सुरू केलं. रविवारी आधी आम्ही वासोण्याच्या सफारीत सिंह बघायला जायचो. सिंह बहुतेक वेळा झोपलेला असायचा आणि आम्ही बसच्या जाळीतून त्याची शेपटी बघून परत यायचो. त्यापेक्षा गच्चीवर व्हिडिओ काढलेला बरा, असं ठरलं. मी मोबाइल धरायचो. "हात हलवू नका," ती ओरडायची. मांडे, कळण्याची भाकरी, शेवभाजी, भरीत. प्रत्येक व्हिडिओ चाळीसएक लोक बघायचे. त्यातले निम्मे आमच्याच शिफ्टमधले आणि एकदोन वेळा मीच. ती दर अर्ध्या तासाने आकडा बघायची. ती कुणाच्या बघण्याची वाट बघतेय ते मला ठाऊक होतं, पण मी विचारलं नाही.

मग एकदा आक्काच्या लेकीचा माहेराहून फोन आला. ती मावशीशी लपूनछपून बोलायची. बोलता बोलता म्हणाली, "आई दुपारभर मोबाइलवर कीर्तन बघते. मध्येच जाहिरात आली की चिडते, पण ती बंद कशी करायची ते तिला जमत नाही, मग बसते बघत." हिने विचारलं, "माझे व्हिडिओ दाखव ना तिला."  भाची म्हणाली, दाखवायला गेले होते, तर आईने मोबाइल पालथा घातला आणि म्हणाली, तिचं नाव नको काढू.

त्या दिवशी दुपारच्या जेवणात माझ्या डोक्यात हे घोळत होतं. आमच्या डिस्पॅचमध्ये नाशिकचा एक इंजिनीअर होता, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण मला शिकवण्यात त्याला भारी गोडी. त्याला विचारलं, या व्हिडिओच्या मध्ये जाहिराती येतात त्या कुणाच्या असतात? तो म्हणाला, ज्याने पैसे भरले त्याच्या. तुम्हीही भरू शकता, काका. आपलाच व्हिडिओ लोकांसमोर आणून ठेवायला पैसे भरायचे. कुठल्या गावात दाखवायचा, कुठल्या वयाच्या माणसांना दाखवायचा, काय बघणाऱ्यांना दाखवायचा, सगळं निवडता येतं.

"तालुका निवडता येतो?"

"येतो."

"आणि कीर्तन बघणाऱ्या बायका?"

तो हसला. "काका, नक्की कुणाला गाठायचंय तुम्हाला?"

मी त्याला खरं सांगितलं. त्याने हसणं थांबवलं आणि डब्याचं झाकण लावून माझा मोबाइल हातात घेतला. फोनवर नाही, घरी जाऊन नाही, लेकीने दाखवून नाही. पण कीर्तनाच्या मध्ये आली तर आक्का काय करणार होती? जाहिरात यायला कुणाची परवानगी लागत नाही. मला स्वतःच्या अकलेचं इतकं कौतुक कधी वाटलं नव्हतं.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं, आणि आम्ही मांड्यांचाच व्हिडिओ निवडला. हिचा चेहरा त्यात शेवटी दिसतो. सुरुवातीला नुसते हात, कोपरापर्यंत पसरत जाणारा मांडा आणि बांगड्यांचा आवाज. ही म्हणाली, चेहरा आधी दिसला तर ती मोबाइल पालथा घालेल, हात दिसू देत. मी ओव्हरटाइमचे पैसे भरले. महिनाभर पुरतील असा हिशोब इंजिनीअरनेच करून दिला. जागा म्हणून फक्त आक्काचा तालुका.

पहिले आठ दिवस आमच्या घरात परीक्षेच्या निकालाची हवा होती. शिरपूरकडे कुणीतरी बघत होतं, हे आकड्यांवरून कळत होतं. पण कोण, ते कळायला मार्ग नव्हता. भाचीला विचारलं, तर ती नेमकी सासरी गेलेली. ही दुपारी कामं टाकून मोबाइलपाशी बसायची. "आता कीर्तनाची वेळ झाली," म्हणायची. मग चारच्या सुमाराला उठायची आणि काही झालंच नाही अशा थाटात पाणी भरायला जायची. ते बघवत नसे.

आणि मग माझा हावरटपणा नडला. आकडा वाढताना बघून मला चव लागली. म्हटलं, शिरपूरने बघावं आणि सिल्वासाने बघू नये? आपली माणसं काय परकी आहेत? इंजिनीअरला न विचारता मी जागेच्या यादीत सिल्वासाही घातलं आणि दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये ऐटीत सांगितलं, "तुमच्या भाभीची जाहिरात येतेय, बघा."

आमच्या कॅन्टीनला हे सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं. आमच्याकडे बिहारचे होते, जळगाव-धुळ्याचे होते, पॅकिंगला खानवेलहून बसने येणाऱ्या बायका होत्या. मशीनच्या घरघरीत आठ तास काढलेली माणसं, त्यांना कुणासाठी तरी काही करायला मिळालं की हुरूप येतो. शिफ्टचा मुकादम उभा राहून म्हणाला, "भाभीजी को ऊपर लाना है। सब लोग देखो, पूरा देखो।" झालं. डब्याशेजारी मोबाइल उभे राहिले. जाहिरात येईपर्यंत हे लोक व्हिडिओ बदलत बसायचे, आणि आली की "आली, आली" असा गलका. कुणी मध्येच बंद केली तर शेजारचा त्याच्या हातावर चापट मारायचा. एका शिफ्टने दुसऱ्या शिफ्टला सांगितलं, दुसरीने तिसरीला. खानवेलच्या बायकांनी बसमध्ये बसून पाहिली. मला दिवसभर हाका, "फिटरसाहेब, आज मी चारदा पाहिली." मी प्रत्येकाला हात जोडत होतो. काय सांगू, छाती फुगली होती.

दोन दिवसांत पैसे संपले.

महिन्याचे पैसे. इंजिनीअरने मोबाइल बघून कपाळाला हात लावला. "काका, कुणी पूर्ण बघितली की तुमच्याच पैशातून कापलं जातं. वर-बिर काही येत नाही. तुमच्या लोकांनी तुम्हालाच खाल्लं." मी तडक कॅन्टीनमध्ये गेलो आणि त्या सगळ्यांना नको ते बोललो. अडाणी म्हणालो, गावंढळ म्हणालो, माझ्या घरावर नांगर फिरवलात म्हणालो. सगळे घास हातात धरून ऐकत होते. पॅकिंगची एक वयस्क बाई एवढंच म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुमचं भलं होतंय." मी पाय आपटत निघून आलो. चूक माझी होती, सिल्वासा मी घातलं होतं. पण राग आला की माझं तोंड अकलेच्या पुढे धावतं, ते आजही तसंच आहे. त्यातले बरेच जण आता वापीला, सुरतेला, कुठे कुठे पांगलेत. त्या बाईची माफी मागायची तेवढी राहून गेली, आणि ती मला अजून बोचते.

घरी येऊन सांगितलं, तर ही माझ्यावर ओरडलीसुद्धा नाही. "राहू द्या," म्हणाली. "आक्काने पाहिलीच असती, तर एव्हाना कळलं असतं." आणि खापर धुऊन, पुसून, गोधडीत गुंडाळून पलंगाखाली सरकवलं. मला वाटलं, आता हे बाहेर निघत नाही. पुन्हा भरायला पैसे पुढच्या पगाराशिवाय नव्हते. चार दिवस आम्ही दोघं घरात एकमेकांना चुकवून वावरलो. मी कॅन्टीनमध्ये एकटा कोपऱ्यात जेवायचो, आणि कुणी माझ्या शेजारी बसत नव्हतं, ते योग्यच होतं.

पाचव्या दिवशी माझी सुट्टी होती. दुपारी, कीर्तनाच्या वेळेलाच, हिचा फोन वाजला. ही भांडी घासत होती, म्हणून मी पाहिला. आक्काचा नंबर. मी फोन तसाच तिच्या कानाला लावला, तिचे हात राखेने भरलेले. पलीकडून आक्का बोलली, दोन वर्षांत पहिल्यांदा, आणि आवाजात राग नव्हता, घाबरलेपण होतं.

"तुनी तब्येत बरी शे ना? चार दिन व्हयनात, मोबाइलमा येत नही तू."

हिने माझ्याकडे पाहिलं. आक्काला जाहिरात-बिहिरात काही कळलेलं नव्हतं. दुपारचं कीर्तन लागलं की बहीण येते, हात दाखवते, मांडा टाकते, शेवटी हसते आणि जाते. एवढंच तिला माहीत. रोज बघितलं होतं तिने. बोलली नव्हती, पण बघितलं होतं. आणि बहीण यायची थांबली, तेव्हा ती आजारी पडली असणार याशिवाय दुसरं कारण तिच्या मनात आलं नाही.

पैसे संपले म्हणून, असं ही सांगू शकली असती. ती म्हणाली, "ताप व्हता, आक्का."

मग काय, आक्का जी सुटली! ओल्या केसांनी वाऱ्यावर हिंडतेस, उन्हात गच्चीवर चूल पेटवतेस, अंगावर मांस नाही, वेळेवर जेवत नाहीस, त्या माणसाला काही कळतं का, डॉक्टरकडे नेलं का त्याने. मला चार हात दूर उभं राहून सगळं ऐकू येत होतं. ही खाली मान घालून, राखेचे हात तसेच वर धरून, "हाव आक्का, हाव आक्का" म्हणत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी फोन धरून ठेवला. हात भरून आला तरी बदलला नाही. दोन वर्षं तिला असं हक्काने रागवायला कुणी नव्हतं.