निळ्या काचांखालचा बेदाणा

तासगावात बेदाण्याच्या सौद्यांसाठी नवी इमारत झाली, तेव्हा तिच्या बाजूनं तावातावानं भांडणाऱ्यांत मी पुढं होते. पुण्याच्या आर्किटेक्टनं अख्खं छप्पर निळ्या काचेचं केलं होतं. कुणी म्हणे विमानतळ, कुणी म्हणे मत्स्यालय. "जन्मभर पत्र्याच्या शेडच बघायच्या का आपण?" असले अकलेचे तारे मी सांगलीत, आमच्या कॉलेजात तोडत होते. त्या छपराखाली कामाला बसणाऱ्या एकाही बाईला कुणी विचारलं नाही. माझी आई त्यांच्यातलीच, तरी मीही नाही.

आई तीस वर्षं बेदाणा निवडतेय. हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळा वेगळा. भाव ठरतो रंगावर, म्हणून तिच्या नजरेला बाजारात मान होता. नव्या इमारतीत दुसऱ्याच आठवड्यात अडत्यानं तिची परात बाहेर उन्हात नेऊन बघितली आणि सगळ्यांदेखत तिच्यापुढं आदळली. "मावशी, हिरव्यात एवढा पिवळा? दिसंना झालंय का तुमाला? ऱ्हावा आता घरात!"

घरी येऊन ती जेवलीसुद्धा नाही. "डोळं गेलं गं माझं," एवढंच म्हणाली.

डॉक्टरांनी तपासलं, नजर ठणठणीत. तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. तसलाच सरमिसळ माल मी उन्हात तिच्यापुढं ठेवला. तिची बोटं भराभर चालली, एक दाणा चुकला नाही. त्या निळ्या उजेडात पिवळा हिरवा दिसत होता! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आर्किटेक्टचा राग आला, अडत्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा.

अडत्याला जाऊन सांगितलं, तर चूक कबूल करायचं नाव नाही. "मग बाहेर बसा की," म्हणाला. तेव्हापासून बायका दारासमोर भर उन्हात डोक्यावर पदर घेऊन निवडतात.

परवा मी आईचा डबा द्यायला गेले, तर आर्किटेक्ट विद्यार्थ्यांना इमारत दाखवत होते. मी त्यांना काचेचं सांगितलं. ते हसले. "रंग बदलला तर संकल्पनाच मरते हो. आत ट्यूबलाइट लावून घ्या." मग कॅमेरा डोळ्याला लावून आईला म्हणाले, "आजी, जरा सरकता का? फोटोत येताय."

आई लगबगीनं उठली. "सरकते की, सायेब."

मी तिच्या हातातली परात घेतली आणि होती तिथंच ठेवली. "आई सरकणार नाही," मी म्हटलं. "फोटो काढायचा तर हिच्यासकट काढा."