प्रामाणिक चेष्टा

उज्जैनच्या माधव नगरातल्या सुलभा पोतनीस, म्हणजे सगळ्यांच्या सुलूताई, पस्तीस वर्षं हिंदी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी जगातल्या तमाम वेब सिरीज तपासायला घेतल्या. पाहायला नव्हे, तपासायला. मुलानं, अनिकेतनं, बंगळूरहून येऊन टीव्हीला इंटरनेटची एक काडी जोडून दिली होती आणि 'आई, आता तुझा वेळ जाईल' असं म्हणाला होता. वेळ कसला जातो! सुलूताईंना वेळ पुरेनासा झाला.

दुपारी दोनला भांडी आवरून झाली की त्या टीव्हीसमोर लाकडी खुर्चीत ताठ बसत. सोफा त्यांनी यजमानांना, शरच्चंद्ररावांना, देऊन टाकला होता. शरच्चंद्रराव नावं सुरू असतानाच घोरायला लागत आणि शेवटी डोळे चोळत विचारत, "खुनी कोण निघाला?" सांगितल्यावर वर म्हणत, "मला आधीपासूनच माहीत होतं."

सुलूताईंची नजर मात्र भलतीकडे असे. नायिका रडत रडत घर सोडून निघाली की जग तिच्या डोळ्यांकडे बघतं, या बाई सूटकेसकडे बघत. "रिकामी आहे! दोन बोटांनी उचलून राहिली आहे, बघा!" एका मालिकेचा नायक राम घाटाच्या पायरीवर बसून नदीपलीकडे सूर्य उगवताना पाहतो, हे दिसलं तेव्हा तर त्या खुर्चीतून उभ्याच राहिल्या. राम घाटावरून नदीपलीकडे सूर्य मावळतो. उगवतो पाठीमागे, शहराच्या बाजूला. हे उज्जैनच्या दुसरीतल्या पोराला कळतं, आणि यांनी म्हणे कॅमेरे घेऊन मुंबईहून यायचं! त्या मालिकेचे उरलेले सहा भाग त्यांनी रागारागात पाहिले, पण पाहिले.

टावर चौकात त्यांच्या मताला चांगलाच भाव होता. शेववाला शेव तोलता तोलता विचारी, "मैडम, वो जेल वाली पूरी देखूँ कि छोड़ूँ?"

"तीसरे एपिसोड तक देखो, फिर छोड़ दो," सुलूताई सांगत, आणि तो बिचारा खरंच सोडून देई.

चौकातलं मत हिंदीत असायचं, त्याची काही काळजी नव्हती. काळजी होती ती 'आपण सारे' या घरच्या ग्रुपवरच्या अभिप्रायाची. त्या ग्रुपवर पुण्याचे नातेवाईक होते. सुलूताईंचं घराणं शिंद्यांबरोबर माळव्यात आलं त्याला अडीचशे वर्षं होऊन गेली, आणि तेवढ्या काळात त्यांच्या मराठीत हिंदी इतकी मुरली की कुठं काय संपतं ते त्यांचं त्यांनाही कळत नसे. पुण्यातल्या एका लग्नात त्या म्हणाल्या, "मी तुला फोन लावून राहिले होते, पण तू उचलूनच नाही राहिलीस." चुलत बहीण मधुरानं ते वाक्य लग्नभर सगळ्यांना म्हणून दाखवलं. सुलूताई हसल्या, पण लागलं त्यांना. तेव्हापासून त्या ग्रुपवर जे लिहीत, ते दोनदा तपासून लिहीत.

त्या ग्रुपवर त्यांचं लिखाण मनापासून वाचणारी एकच होती, देवश्री. धाकट्या भावाची, विनायकची मुलगी. आत्यानं कुठली मालिका पाडली की ती तासाभरात फोन करी आणि दोघी भांडत. घरात सिनेमावर बोलायला सुलूताईंना दुसरं होतं कोण? शरच्चंद्रराव तर झोपलेले.

या देवश्रीनं स्वतःच एक मालिका लिहिली आणि ती खरोखर लोकांच्या टीव्हीवर आली. तीन बहिणी, वडिलांचं सायकलचं दुकान, आणि वडिलांना झालेला अर्धांगवायू. दुकान कल्पनेतलं होतं, अर्धांगवायू नव्हता. दीड वर्षापूर्वी विनायकला तो झाला होता, वाचा गेली होती, आणि आता कुठं एकेक शब्द परत येत होता. हसणं तर अजून आलंच नव्हतं. मालिका आली त्या दिवशी देवश्रीचा निरोप आला, 'आत्या, बाकीचे छानच म्हणणार. तू खरं सांग. मी थांबलेय.'

सुलूताईंनी सकाळी आठला सुरुवात केली. त्या दिवशी वरण लागलं, पोळ्या झाल्याच नाहीत. वडिलांना 'पाणी' म्हणायचं असतं आणि तोंडातून 'चाक' येतं, त्या प्रसंगाला त्या पदर तोंडात धरून रडल्या. इतक्या रडल्या, की शरच्चंद्रराव जागे झाले आणि शेवटपर्यंत जागे राहिले. असं त्या घरात पूर्वी घडलं नव्हतं.

मग त्या लिहायला बसल्या. 'कोशिश' लिहिलं आणि खोडलं, पुण्याला हसतील. 'प्रयत्न' लिहिलं, तेही खोडलं, प्रयत्न तर सगळेच करतात. एकदम आठवला तो त्यांचा लाडका शब्द, जो त्यांनी पस्तीस वर्षं चांगल्या मुलांच्या वह्यांवर लाल शाईनं लिहिला होता. शुद्ध संस्कृत शब्द. तो मराठीत चुकायचं कारणच नव्हतं. त्यांनी लिहिलं:

'चि. देवश्री, आठही भाग पाहिले. तू फार प्रामाणिक चेष्टा केली आहेस. इतक्या लहान वयात सगळ्यांसमोर अशी चेष्टा करायला हिंमत लागते. आणि वडिलांच्या आजारपणाची तर तू जी चेष्टा केली आहेस, तिला तोड नाही. विनूनं पाहिलं का? अशीच चेष्टा करत राहा. तुझी आत्या.'

दोनदा तपासून त्यांनी ते पाठवलं आणि समाधानानं चहा टाकला.

सगळ्यांनी वाचल्याच्या दोन निळ्या खुणा तासाभरात उमटल्या. देवश्रीचा फोन मात्र नाही आला. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मधुराचा एक शब्द आला, 'कमाल आहे!' सुलूताईंना वाटलं, मालिकेबद्दल म्हणतेय. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन लावला, तो वाजून वाजून बंद झाला. चौथ्या दिवशी देवश्री ग्रुपमधून निघून गेली.

"अहो, वाचा ना एकदा. यात काय बुरं आहे?"

शरच्चंद्ररावांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. "एकदम बढिया लिहिलंस. मला कोणी असं लिहिलं असतं तर मी फ्रेम करून लावलं असतं."

सुलूताईंनी ते शेजारच्या शोभा दाण्यांना दाखवलं. त्याही उज्जैनच्या, त्यांनाही चूक सापडली नाही. सगळ्या उज्जैनला विचारलं असतं तरी सापडली नसती, यातच सगळी गंमत होती. पण सुलूताईंना तेव्हा गंमत कुठली सुचायला? खुर्ची भिंतीशी गेली. टीव्ही बंद. शेववाल्यानं विचारलं, "मैडम, आजकल कुछ बता नहीं रहीं?" तर म्हणाल्या, "अखबार पढ़ो." पोरीनं खरं मत मागितलं होतं, आपण खरं दिलं, आणि पोरच हातची गेली. त्यांना जेवण जाईना.

आठव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास फोन वाजला. देवश्रीचं नाव. सुलूताईंनी घाईघाईनं कानाला लावला, तर पलीकडून कोणी बोलेना. नुसतं हसू येत होतं. खरखरीत, अडखळतं, श्वास लागेपर्यंतचं हसू.

"कोण बोलून राहिलंय?" त्या घाबरून म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांना ओळख पटली. विनायक हसत होता.

मग देवश्रीचा आवाज आला. ती रडतही होती आणि हसतही होती. "आत्या! अगं, इकडे चेष्टा म्हणजे थट्टा! मजाक! मला वाटलं, तू म्हणतेयस की मी बाबांच्या आजाराची थट्टा केली!"

सुलूताई ओरडल्याच, "अगं बाई! मी... मी तसं लिहिलं? विनूच्या आजाराचं?"

"आठ दिवस मी रडतेय. बाबांना सांगितलंही नाही. आज बाबांनी माझा चेहरा बघून फोन मागितला, मी वाचून दाखवलं, तर ते बघतच राहिले आणि हसायलाच लागले. आत्या, दीड वर्षानं हसले गं! मग म्हणाले, 'चेष्टा, कोशिश.' पुन्हा हसले. मला अर्थ लागायलाच पाच मिनिटं गेली."

सुलूताईंना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा आनंद कितीतरी मोठा होता. शरच्चंद्रराव सोफ्यावरून 'काय झालं, काय झालं' करत होते, त्यांना त्यांनी हातानंच गप्प केलं.

"मग आता नीट सांग. बाबांचा प्रसंग कसा वाटला?"

"थांब, शब्द शोधू दे."

"शोधू नकोस! तोंडात येईल तो बोल."

"मी इतकी रडले की तुझे काका जागे झाले," सुलूताई म्हणाल्या. "आणि दुसऱ्या बहिणीची सूटकेस रिकामी होती."

"होती!" देवश्री ओरडली. "मी सेटवर सांगत होते त्यांना! बरं थांब, बाबांना बोलायचंय."

विनायकनं चाळीस वर्षांपूर्वी बँकेच्या नोकरीसाठी उज्जैन सोडलं आणि पुण्यात पाय ठेवल्याबरोबर आधी बोली बदलली. बहिणीशीसुद्धा तो बातम्या दिल्यासारखा बोले. सुलूताईंना ते कधी आवडलं नव्हतं, पण त्यांनी कधी म्हटलंही नव्हतं.

"सुलूताई," तो म्हणाला. मग बराच वेळ नुसता श्वास. त्या थांबल्या, शब्द पुरवला नाही. "मी... ठीक... होऊन राहिलोय."

मागून देवश्री म्हणाली, "आजारपणानंतर असंच बोलतात गं. आम्ही दर वेळी सुधारतो, 'बाबा, होतोय म्हणा, होतोय'."

सुलूताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आईच्या स्वयंपाकघरात दोघं भावंडं जे बोलायची, तेच तो बोलत होता. आजारानं पुण्याचं सगळं नेलं होतं, आणि हे ठेवलं होतं.

"खबरदार त्याला सुधारलंस तर!" त्या देवश्रीवर कडाडल्या, आणि मग आवाज खाली आणून भावाला म्हणाल्या, "होऊन राहा, विनू. आरामात होऊन राहा. मी ऐकून राहिलेय."