झुडपातून बाहेर ढकलणारा वारा

टक टक टक टक.

गोल्फच्या मैदानात जमिनीत एक पत्र्याचा डबा पुरलेला असतो. बॉल शेवटी त्यात पडायचा असतो. डबा लांबून दिसावा म्हणून त्यात झेंड्याची लोखंडी काठी उभी करतात. आषाढात वारा सुटला की त्या काठ्या डब्यांत दिवसभर वाजत राहायच्या. आता मी घरी बसून असतो. खिडकीची कडी वाऱ्याने तशीच वाजली की मला हसू येतं आणि सून विचारते, "बाबा, एकटेच काय हसताय?" काय सांगणार? किस्से गवतासारखे असतात. एक कापावा, तर मागे दोन उगवलेले.

मैदान देवनारच्या बाजूला. ऐंशी सालानंतरचा काळ. मी तिथे गवत कापायला होतो. शिक्षण चौथीपर्यंत आणि बोलणं सावकाश. माझं एक वाक्य संपेपर्यंत साहेब लोक पुढच्या झेंड्यापाशी पोचलेले असायचे. त्यामुळे मी जन्मभर ऐकायचंच काम केलं.

आणि ऐकायला मिळायचं ते एकच. वारा. बॉल तळ्यात गेला, वारा. बॉल मारायची काठी जमिनीत रुतली, वारा. एकदा तर झाडाचं पान हलत नव्हतं अशा दिवशी एक बँकवाले साहेब हरून आले आणि बारमध्ये बसून सांगू लागले, "आज वाऱ्याने पार वाट लावली यार."

त्यांची काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी दाराशी उभा होता. तो अदबीने म्हणाला, "साहेब, तुम्ही काठी फिरवत होतात ना, त्याचा असेल."

* * *

वारा कुठून येतो हे बघायची साहेब लोकांची एक पद्धत होती. चिमूटभर गवत उपटायचं, डोक्याइतक्या उंचीवरून सोडायचं आणि ते उडून जाईल तिकडे गंभीर चेहऱ्याने बघायचं. एवढी पूजा झाल्याशिवाय कोणी काठीला हात लावत नसे. एक डॉक्टर होते, ते इतकं गवत उपटायचे की त्यांच्या मागे मला कापायला काही उरत नसे.

एकदा तेच गवत वाऱ्याने उलटून त्यांच्या डोळ्यात गेलं. एक डोळा मिटून, कळवळत त्यांनी बॉल मारला आणि तो थेट झेंड्यापाशी जाऊन थांबला. वर्षभरातला त्यांचा तेवढाच एक सरळ बॉल.

पुढच्या रविवारी ते एका डोळ्यावर पट्टी बांधून आले. ते डॉक्टरही डोळ्यांचेच होते.

* * *

मैदानाच्या एका बाजूला भिंत आणि पलीकडे रस्ता. कापडाचे व्यापारी असलेले एक शेठ पुस्तक वाचून गोल्फ शिकत होते. पुस्तकात म्हणे लिहिलं होतं की वारा भिंतीकडून येत असेल तर नेम भिंतीकडे धरावा, वारा बॉलला बरोबर आत आणून सोडतो. शेठनी नेम भिंतीकडे धरला, जीव खाऊन मारला आणि नेमका तेवढ्यात वारा पडला. वाऱ्याने पुस्तक वाचलेलं नव्हतं.

थोड्या वेळाने गेटवर एक कोळीण मावशी टोपली घेऊन उभी.

"कुनाचा रं ह्यो अंडा? माझ्या पापलेटावर येऊन बसलाय."

शेठ धावत गेले. "बाई, तो माझा बॉल आहे. द्या."

"नुसता कसा दिऊ? पापलेटासंगती घे. भवानी झाली नाय अजून."

शेठच्या घरात कांदासुद्धा चालत नसे. पण बॉल विलायती होता. शेवटी त्यांनी नाकाला रुमाल लावून पापलेट घेतलं, बॉल खिशात घातला आणि पापलेट कॅडीच्या हातात दिलं.

तेव्हापासून शेठ त्या जागी उभे राहिले की कॅडी न विचारता सांगायचा, "साहेब, भिंतीकडेच मारा. वारा फार आहे."

* * *

बबी आमचा आगेवाला. आगेवाला म्हणजे खेळणाऱ्यांच्या पुष्कळ पुढे जाऊन उभा राहणारा आणि बॉल कुठे पडतो ते बघणारा माणूस. वाऱ्यात ओरडलेलं ऐकू जात नाही, म्हणून त्याच्या हातात लाल फडकं बांधलेली काठी असायची. काठी सरळ वर धरली म्हणजे बॉल सापडला. आडवी हलवली म्हणजे गेला. शिवाय देवनारच्या कत्तलखान्यावरच्या घारी आमच्याकडेही यायच्या आणि पांढरं काही दिसलं की उचलायच्या. म्हणून बबीला खालीही बघावं लागायचं आणि वरही.

बबी मूळचा देवगडचा. संपात गिरणीचं काम गेलं, मग बरंच फिरून इथे लागला. घाटकोपरच्या डोंगरावर एक खोली आणि तिच्यात आई, बायको, दोन मुली.

एकदा वाऱ्याने ते लाल फडकं त्याच्याच तोंडाला गुंडाळलं. ते सोडवायला त्याने काठी आडवीतिडवी झटकली. तिकडे साहेबांना वाटलं, बॉल गेला. त्यांनी दुसरा मारला. बबी अजून झटकतोच आहे. तिसरा मारला. चौथा मारला. फडकं सुटलं तेव्हा बबीच्या आसपास चार बॉल पडलेले आणि साहेब फडक्यापेक्षा लाल होऊन येताहेत.

"अरे, चारही इथेच आहेत. मग इतका वेळ हात कसले हलवत होतास?"

बबी म्हणाला, "सायबानू, माका वाटला तुमी सराव करतास."

* * *

बबी उभा असायचा तिथला वारा जरा वेगळा होता. एखाद्या साहेबाचं घरी काही बिनसलं असेल किंवा कोणाचे हात थरथरत असतील, तर त्याचा झुडपात गेलेला बॉल तो येईपर्यंत बाहेर मोकळ्या गवतावर आलेला असायचा. विचारलं की बबीचं उत्तर ठरलेलं, "वाऱ्यान ढकलल्यान." कॅडींवर खेकसणाऱ्यांचे बॉल मात्र कितीही वादळ आलं तरी जागचे हलत नसत.

त्या वर्षी क्लबला नवे कॅप्टन मिळाले. नियमांचे पक्के. स्वतःचा बॉल डबक्यात पडला तरी तिथूनच मारायचे आणि चिखलाने माखून घरी जायचे. त्यांनी एके दिवशी सगळ्यांदेखत बबीला उभं केलं.

"वारा बॉल ढकलतो, मान्य. पण दर वेळी झुडपातून बाहेरच कसा ढकलतो? बाहेरचा आत कधी ढकलत नाही?"

"चांगलो वारो आसा, साहेब."

सगळे हसले. कॅप्टन हसले नाहीत.

"रविवारी कपाचा खेळ आहे. आठव्या झेंड्याच्या अलीकडे ते झुडूप आहे ना, तिथे मी स्वतः तुझ्याबरोबर उभा राहणार. माझ्यासमोर वाऱ्याने एक बॉल बाहेर काढला तर तू राहशील. नाही काढला, तर संध्याकाळी गेटबाहेर."

रविवारी वारा असा सुटला होता की माणसं तिरकी चालत होती. कॅप्टननी आल्याआल्या बबीच्या हातातली लाल फडक्याची काठी आपल्या हातात घेतली. सकाळपासून कितीतरी बॉल त्या झुडपात शिरले आणि आतच राहिले. साहेब लोक काट्यांत हात घालून शिव्या देत होते. दर वेळी कॅप्टन नुसते बबीकडे बघायचे. मी जवळच विळा घेऊन बसलो होतो. बबी पाणी प्यायला माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "घराक जावन काय सांगू रे?"

माझं वाक्य सुरू होईपर्यंत तो परत गेलासुद्धा.

सगळ्यांच्या शेवटी अप्पासाहेब होते. कॅप्टनचे वडील. पत्नी गेल्यापासून त्यांनी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. रविवारी खेळायला म्हणून तेवढे घराबाहेर पडायचे. मागच्या रविवारी याच झुडपात त्यांचा बॉल अडकला होता. मारून मारून दमले आणि काठी खाली ठेवून ओल्या गवतावर बसून राहिले. शेवटी कॅप्टननीच हाताला धरून घरी नेलं. आज सकाळी त्यांनी क्लबात सांगून ठेवलं होतं, "आजही तिथे अडकलो, तर पुढल्या रविवारपासून मी येणार नाही."

त्यांचा बॉल लांबून वाकडा होत आला आणि झुडपात अगदी मुळाशी जाऊन बसला.

कॅप्टन बॉलकडे बघत राहिले. मग त्यांनी मागे पाहिलं. अप्पासाहेब काठी टेकत, थांबत थांबत येत होते.

"बबी," कॅप्टन म्हणाले, "ती बघ घार."

बबीने वर पाहिलं. आभाळात ढग होते, घार नव्हती. तरी बबी मान वर करून बघत राहिला. मलाही एकदम माझ्यापुढचं गवत फार दाट वाटायला लागलं. आठव्या डब्यातली काठी तेवढी वाजत होती.

अप्पासाहेब पोचले. बॉल मोकळ्या गवतावर होता.

"मला वाटलं, झुडपात गेला," ते म्हणाले.

"गेला होता, अप्पा. वाऱ्याने ढकलला बाहेर."

अप्पासाहेबांनी आठव्या झेंड्याकडे पाहिलं. झेंडा ताठ उडत होता, सरळ झुडपाच्या दिशेने. मग त्यांनी मुलाच्या पांढऱ्या बुटाकडे पाहिलं. त्याच्या टोकाला झुडपाचं एक ओलं पान चिकटलेलं होतं.

"चांगला वारा आहे," ते म्हणाले.

त्यांनी पाय रोवून बॉल मारला. फार लांब नाही गेला, पण सरळ गेला. ते त्याच्यामागे चालू लागले.

कॅप्टननी लाल फडक्याची काठी बबीच्या हातात दिली आणि निघून गेले.