पहिली सुई आमची

"किसी को कुछ हुआ तो नहीं?" छोट्या शेठनं ऑफिसच्या दारातून विचारलं.

आम्ही बाया समोरच बसलो होतो. मिलच्या शेडमध्ये, सतरंजीवर, दंडाला कापूस दाबून. त्यानं आम्हांला विचारलं नाही. विलासभाऊंना विचारलं. ते आमचे सुपरवायझर. त्यांनी आमच्यावरून एकदा नजर फिरवली, थप्पीतल्या पोत्यांवरून फिरवतात तशी.

"नहीं सर. सब ठीक हैं."

"चक्कर, उल्टी?"

"कुछ नहीं सर."

"ठीक है. तो अब मम्मी लोगों को बुला लो."

माझ्या चेहऱ्यावर तेव्हा हसू होतं. खरं सांगते. मला वाटलं, शेठ आमची विचारपूस करतोय. कापूस सोडून हात जोडणार होते. तेवढ्यात ते शेवटचं वाक्य कानावर पडलं.

मग एसीच्या खोलीचं दार उघडलं. शेठाणी आली, सून आली, मॅनेजर, ऑफिसची माणसं. त्यांच्यासाठी खुर्च्या मांडल्या. सुनेनं बाही वर करताना आमच्याकडे बोट केलं आणि सिस्टरला विचारलं, "इनको लगे घंटाभर तो हो गया ना?" सिस्टर खाली मान घालून म्हणाली, "जी." आम्ही सगळ्या ऐकत होतो. आम्हांला ऐकू येतं, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं.

गोंदियाच्या पलीकडे, बालाघाट शहराच्या बाहेर पडलं की तांदळाच्या मिली लागतात. त्यातल्याच एका मिलमध्ये मी धानाच्या हौदांवर काम करते. धान भिजत घालायचं, उकडून निघालं की अंगणात पसरायचं, पायानं फिरवायचं. हौदाभोवती कायम पाणी साचलेलं, त्यावर डास. गेल्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण डेंगूनं गेली. तीही याच हौदांवर होती. अंगात ताप असताना काम केलं तिनं, कारण सुट्टी घेतली तर जागा जाते. गोंदियाच्या दवाखान्यात नेता नेता माझ्या मांडीवर गेली.

विलासभाऊ आमच्याच वॉर्डातले, आमच्याच समाजाचे. मिलमध्ये आमच्यापैकी खुर्चीवर बसणारा तेवढा एकच माणूस. बहिणीला त्यांनी खांदा दिला होता. म्हणून ते घरी आले तेव्हा मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्यांचा शब्द न् शब्द खरा मानला.

"डेंगूची लस आली आता," ते म्हणाले. "शेठ मिलमंदीच कॅम्प लावून राह्यले. फुकट. अन पहिला नंबर तुमचा."

"आमचा? काहून?"

"हौदावर तुमीच असता म्हणून. शेठ म्हणे, पहिले बाया, मंग आमी. पण बाया भेतात. तू समजव त्याईले. तुही बहीण गेली, तुह्या शब्दाले वजन आहे."

मी दारोदार फिरले. कोणी म्हणे ताप येईल, कोणी म्हणे हात सुजेल, आठ दिवस धान कोण फिरवेल. मी बहिणीचं नाव घेतलं. दर घरी घेतलं. तिचं नाव घेतलं की बाया हौ म्हणायच्या.

आणि मी त्यांना सांगितलं, पांढऱ्या साड्या नेसा. आमच्यात जयंतीला, पौर्णिमेला पांढरी साडी नेसतात. सुई टोचून घ्यायला पांढरी साडी! आज हसू येतं, पण हसता येत नाही. दिवाळीची मिठाई ऑफिसात उरली तरच शेडमध्ये यायची. तिथं यंदा पहिला नंबर आमचा. तो मान आहे असं आम्हांला वाटलं. कायम शेवटी उभं राहणाऱ्यालाच असं वाटू शकतं. मॅनेजरनं आम्हांला पाहून विचारलं होतं, "आज कोई त्योहार है क्या?" सगळे हसले. विलासभाऊही हसले. पांढरी साडी आम्ही कधी नेसतो ते त्यांना चांगलं माहीत होतं.

लसीवर माझा राग नाही. सिस्टरनं नीट समजावून सांगितलं होतं, लस तपासलेली आहे, दंड दुखेल, थोडा ताप येईल, बस. भीती आम्हांला होती तशी शेठच्या घरच्यांनाही होती. फक्त त्यांच्या भीतीसाठी त्यांनी आमचं अंग वापरलं.

सुट्टी झाल्यावर मी विलासभाऊंना मोटारसायकलपाशी गाठलं.

"भाऊ, तुमाले माईत होतं?"

"अवं, कोणाले तरी पहिले घ्याच लागते. झालं का तुमाले काही? नाही ना? फायदाच झाला."

"तुमी कवा घेतली?"

ते किल्ली शोधत राहिले. मग म्हणाले, "स्टाफसंग."

म्हणजे आमच्यानंतर. शेठचा मला तेवढा राग आला नाही. शेठ शेठसारखाच वागला, त्याच्याकडून मी काय अपेक्षा करणार होते? पण या माणसानं माझी मेलेली बहीण माझ्याच तोंडून वापरली. ज्या खांद्यावरून तिला नेलं, तोच खांदा मला ओळख म्हणून दाखवला. मी घरी आले आणि भिंतीशी बसून रडले. इतकी तर तिच्या मातीच्या दिवशीही रडले नव्हते.

तीन महिन्यांनी दुसरा डोस. पुन्हा टेबल, पुन्हा सतरंजी. कोणीतरी वावडी उठवली होती की दुसऱ्या डोसला त्रास जास्त होतो. म्हणून पुन्हा पहिल्या आम्ही. विलासभाऊंनी माझं नाव पुकारलं. मी उठले नाही.

"ऊठ ना वो. शेठ पाहून राह्यले."

"पाहू द्या."

छोटा शेठ पुढे आला. "क्या हुआ? नहीं लगवाना?"

"लगवाना है," मी म्हणाले. "आपके बाद."

त्यानं विचारलं, काम करायचं आहे की नाही. मी म्हणाले, करायचं आहे. दोघी-तिघी उठून सुई घेऊन आल्या. त्यांना मी काही म्हणत नाही, त्यांची लेकरं लहान आहेत. बाकीच्या माझ्याजवळ बसून राहिल्या. सिस्टर सामान आवरताना माझ्यापाशी वाकली आणि हळूच म्हणाली, राहिलेल्यांसाठी कॅम्प पुन्हा लागेल, उशीर झाला तरी दुसरा डोस चालतो.

दुसऱ्या दिवशी चौकीदारानं मला गेटवर अडवलं. एकटीलाच. तेव्हापासून मी रोज कामाच्या वेळेला तिथं जाऊन उभी राहते. काल विलासभाऊ बाहेर आले.

"चुकलं म्हन एकडाव. घेतील परत."

"नाही चुकलं माहं. शेठले सांगा, लाइन एकच लावा, सगळ्याईची. मी त्यात कुठंबी उभी राहीन, शेवटीबी. पण तुमचं भेव घालवाले पहिली उभी नाही राहणार."

"शेठ आयकणार नाहीत."

"मंग मीबी नाही आयकत."

ते आत गेले. कामही मला पाहिजे आणि दुसरा डोसही. दोन्ही माझ्या हक्काचे आहेत, आणि दोन्ही मी याच गेटातून आत जाऊन घेणार आहे.