आमचा डबडासुर

परवा गल्लीतल्या गुलाबाईपुढे माझा राक्षस जिंकला. त्याला हरवायचं असं मीच लिहिलं होतं... पण आमच्या धुळ्यात लिहिल्याप्रमाणे काही घडेल तर शपथ!

मी मुलींच्या शाळेत शिकवते. त्यामुळे भाद्रपदात गुलाबाई देवी बसायची वेळ आली की गल्लीतल्या बायका मलाच धरतात, बाई, पोरींचं काहीतरी बसवा. यंदा मी वीजबाईचं नाटक लिहिलं. वीजबाई आकाशात उडते, भरलेली बैलगाडी एका हातानं उचलते आणि मिरचीचा ठसका लागला की धप्पकन खाली पडते.

वकीलसाहेबांची मंदा वीजबाई व्हायला एका पायावर तयार. अडलं ते राक्षसापाशी... सगळ्या पोरींनी बोट दाखवलं शांताकडे.

शांता म्हणजे शेजारच्या सुंदरअक्कांची भाची, सोनगीरची. शिकायला इथे ठेवलेली. उंच, सावळी आणि तोंड उघडलं की अहिराणी, म्हणून या फाजील पोरी तिला खेळायलासुद्धा घेत नव्हत्या.

"माले राक्षस नही व्हनं," शांता म्हणाली. "बठ्ठ्या पोरी माले हसतस."

अक्कांनी मला बाजूला घेतलं. पोर रोज रडते, बाजाराच्या दिवशी बाप आला की त्याच्याबरोबर गावी जाणार म्हणते. एकदा गेली की शाळा सुटलीच म्हणून समजा... मला फार वाईट वाटलं. वर्गात पाढे सगळ्यात आधी हीच म्हणते हो!

मग मी राक्षसच बदलला. त्याचं नाव ठेवलं डबडासुर. हा माणसं खात नाही, फक्त खाऊचे डबे पळवतो... पण गुलाबाईचा नेम काही त्याला मोडवत नाही.

आपल्याकडचा नेम तुम्हाला ठाऊकच आहे. गाणी झाली की झाकलेला डबा हलवायचा, हुंगायचा आणि आत कोणता खाऊ आहे ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. बिचाऱ्या डबडासुराला कधीच ओळखता येत नाही, कारण त्याला गुलाबाईला कोणी बोलावलेलंच नसतं. घर डब्यांनी भरलेलं आणि पोट रिकामं!

हे ऐकून शांता पहिल्यांदा हसली. "हाऊ राक्षस मी व्हसू," म्हणाली.

नाटकाचा शेवट सोपा होता. डबडासुर डबा खुळखुळवतो, फुटाणे म्हणतो, शेंगदाणे म्हणतो, सगळं चुकतं, आणि वीजबाई उडत येऊन त्याची मानगूट धरते. डबा मंदाच्या आईनं द्यायचा होता. वकिलीणबाईंना मी बजावून सांगितलं होतं, आत खाऊ नको, नुसते चार चिंचोके टाका.

परवा बाजाराचा दिवस. संध्याकाळी अक्कांच्या अंगणात पेट्रोमॅक्स लावली, गल्ली लोटली. शांताचे बाबाही बाजार उरकून येऊन बसले होते. बाहेर गाडी उभी आणि ओसरीवर शांताचं गाठोडं बांधून तयार... ते पाहिलं आणि माझं नाटकातून लक्षच उडालं.

शांतानं मात्र झकास काम केलं. पोटाला उशी, डोक्यावर सूप, तोंडाला काजळ... लहान पोरी आधी किंचाळल्या, मग चक्क डबडासुराच्याच बाजूनं ओरडायला लागल्या.

आणि आला शेवटचा डबा. शांतानं तो हलवला. आवाजच नाही! पुन्हा हलवला... छे, चिंचोके गेले कुठे? मी पडद्याआडून जीव तोडून सांगतेय, "फुटाणे म्हण गं, फुटाणे!" पण बाईसाहेबांनी डबा नाकाशी नेला, डोळे मिटले आणि शांतपणे म्हणाल्या,

"यामा दराबा शे."

लोक बघतच राहिले. अहो, लढाई सुरू झाल्यापासून साखरेसाठी रेशनच्या रांगेत उभं राहतोय आपण, रव्या-तुपातला गोड दराबा करतंय कोण! तेवढ्यात वकिलीणबाई मागून उभ्या राहिल्या. "अगं बाई, बरोबर ओळखलंस! देवीपुढं रिकामा डबा कसा ठेवायचा, म्हणून जपून ठेवलेली साखर काढली मी."

आता आली का पंचाईत! ओळखेल त्याचा डबा, हा नेम. तोवर दोन पोरींनी उचललेली वीजबाई हात उगारून अर्ध्यात येऊन पोचली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी कपाळाला हात लावला.

मग मंदा स्वतःच खाली उतरली. डबडासुरापुढे बसली आणि हात पसरून म्हणाली, "मला पण दे ना थोडा."

शांतानं पहिला घास तिला दिला, मग सगळ्या अंगणाला. बोटाच्या टोकावर मावेल एवढाच वाट्याला आला, पण काय चव होती म्हणून सांगू... तिचे बाबा कौतुकानं सांगत होते, सोनगीरला हिच्यापुढे एकही डबा टिकत नाही. हे पोरीनं आम्हाला कधी सांगितलं नाही. आणि विचारलं तरी कोणी होतं म्हणा!

पोरींनी तर तिला गराडाच घातला. उद्या आमच्याकडे ये, आमचा डबा ओळखून दाखव... सगळ्यांची एकच गडबड.

बाबांनी गाठोडं उचललं. "चाल वं पोरी."

पोटाची उशी अजून तशीच बांधलेली. शांता म्हणाली, "बाबा, गुलाबाई व्हई जाऊ द्या, मंग दखू."

गाडी गेली. गाठोडं ओसरीवरच राहिलं.

आज सकाळी शांता वर्गात आली, तेव्हा मंदानं सरकून तिला आपल्या शेजारी जागा केली. मी उगाच फळा पुसत उभी राहिले, डोळे भरून आले होते ना... वकिलीणबाई, तुम्ही माझं ऐकलं नाहीत, देव तुमचं भलं करो!