गिरणीचं पीठ मला बाधतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते — आणि तुम्ही हसाल, कारण गोष्ट कमरेची आहे.

पंचावन्न साल असेल. लग्न होऊन म्हसावदला आले तेव्हा मी अंगानं चांगली भरलेली. नवरा शहाद्याला मास्तर, शनिवारी घरी यायचा. एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "आमनी सुमन म्हंजे ताकना डेरा!" सासू हसली. मीही हसले, मग न्हाणीत जाऊन रडले. त्यानं एकदा तरी माझ्याकडे बघत राहावं — एवढंच हवं होतं हो मला! पण बाईनं व्यायाम करायचा कुठे? अंगणात दोन उड्या मारल्या असत्या तर म्हणाले असते, हिच्या अंगात आलं.

उरलं एकच, पहाटे दळायचं जातं. आणि नेमकी त्याच वर्षी गावात गिरणी आली. बाया सुटल्या! माझी मोठी जाऊ जमनाबाई — पोर अंगावर पिणारं, हाडाला मांस नाही — ती तर म्हणाली, "आते ऊन ये तवलोंग झोपसू."

मी सासूला सांगितलं, गिरणीचं पीठ मला बाधतं, पोटात दुखतं. "मंग तू दय आपलं," सासू म्हणाली — म्हणजे माझं मी दळायचं. मला तेच हवं होतं.

दुसऱ्या पहाटे जात्याशी बसले, तर जमनाबाई पोराला मांडीवर घेऊन समोर येऊन बसली. "एकली कशी दयशी? सरक, मी बी धरस."

तेव्हा बोलायला काय झालं होतं मला? जा, झोप — एवढंच तर म्हणायचं होतं. पण मग ती विचारेल, तू का दळतेस? काय सांगू — कंबरेसाठी? मी सरकले. दोन वर्षं तिनं खुंटा धरला. डोळे मिटलेले असायचे तिचे, हात फिरत असायचा. मी बघत होते — रोज बघत होते.

माझी कंबर उतरली. नवऱ्यानं बघितलं एकदाचं. म्हणाला, "बिमार व्हती का तू?"

पुढे आम्ही शहाद्याला बिऱ्हाड केलं. जमनाबाईचं दळण आता गिरणीतच जातं. पण परवा म्हसावदला गेले, तर कोपऱ्यातलं जातं झाडून-पुसून मधोमध घेतलेलं, आणि तिच्या तळहाताला फोड. माझ्यापुरतं पीठ तिनं एकटीनं दळलं होतं.

"तुले गिरणीनं बाधस ना," म्हणाली.

मी मान खाली घालून जेवले. दोन भाकरी खाल्ल्या.