उकळीबाई

अंगणवाडीच्या सुलोचनाबाईंना गावात उकळीबाई म्हणत. कुणाच्या घरी पाळणा हलला की बाई हजर, आणि पहिला प्रश्न, पाणी किती वेळ उकळता? वीस मिनिटं, एक मिनिट कमी चालायचं नाही. बायका हसत, पण उकळत. जुलाबानं गावातलं एकही लेकरू दगावलं नाही, याचा बाईंना भारी तोरा होता, आणि तो त्यांना शोभायचाही.

१९९७च्या उन्हाळ्यात कुठल्याशा संस्थेचे मधुकरराव सेलू तालुक्यातल्या विहिरींचा नकाशा करायला आले. शेतातला युरिया आणि उकिरड्याचा निचरा जमिनीतून पाण्यात उतरतो, त्याचं नायट्रेट किती झालंय ते त्यांना मोजायचं होतं. केळझरजवळच्या या गावात बाईंनीच त्यांना चौदा विहिरी दाखवल्या, बाटल्या भरल्या, आपल्या वळणदार अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. शेवटची बाटली बुद्धविहारामागच्या विहिरीची. ती बाईंच्या सासऱ्यांनी वस्तीतल्या माणसांना घेऊन स्वतः खणली होती आणि सगळी वस्ती तिच्यावरच होती. मधुकररावांनी चहा घेतला, महिन्याभरात रिपोर्ट पाठवतो म्हणाले. तो आलाच नाही. बाईंनी गृहीत धरलं की पाणी चांगलंच असणार. वाईट असतं तर एवढा शिकलेला माणूस गप्प कशाला बसला असता?

दोन वर्षांनी वस्तीतल्या नंदिनीला बाळंतपणानंतर दूधच आलं नाही. ती डब्यातली पावडर विहिरीच्या पाण्यात कालवून पाजायची. दोन महिन्यांच्या लेकीचे ओठ निळे पडले आणि सेवाग्रामला दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली. मौतीच्या घरी, चार बायकांसमोर, बाई बोलून गेल्या, "पाणी नीट उकळलं नसशील तू." नंदिनीनं मान खाली घातली. तेव्हापासून वस्ती तिच्याकडं त्याच नजरेनं बघायला लागली.

२००२मध्ये सेलूला अंगणवाडीच्या बायकांचं शिबिर होतं. भिंतीवर तो नकाशा लावला होता. बाईंनी कौतुकानं आपलं गाव शोधलं. विहारामागच्या विहिरीवर लाल ठिपका, शेजारी आकडा १८०, खाली तारीख मे १९९७. समोर मधुकररावच बोलत होते. पंचेचाळीसच्या वर गेलं की तान्ह्या बाळाला ते पाणी विष. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते वाढतं, आटवलेली आमटी खारट होते तसं.

बाई उभ्या राहिल्या. रिपोर्ट का पाठवला नाही, एवढंच त्यांनी विचारलं.

"लोक उगाच घाबरले असते, बाई," मधुकरराव म्हणाले. "आणि आधी पूर्ण तालुक्याचं काम व्हायचं होतं." मग हसून त्यांनी पुस्तिका पुढं केली. आभारांच्या पानावर सुलोचनाबाईंचं नाव छापलं होतं.

गोड बोलून या माणसानं केसानं गळा कापला होता, आणि वर आभार मानत होता. बाईंनी पुस्तिका तिथंच टेबलावर ठेवली आणि मिळेल त्या गाडीनं गाव गाठलं. स्वतःच्या घरी न जाता त्या थेट नंदिनीकडं गेल्या. चुलीवर गंजात पाणी रटरटत होतं. बाईंनी पदरानं धरून गंज खाली उतरवला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, तारखेसकट.

नंदिनीनं चुलीतलं जळतं लाकूड बाहेर ओढलं.

"तुम्ही वीस मिनिटं सांगतलं होतं, बाई," ती म्हणाली. "लेकीसाठी मी चाळीस मिनिटं उकळत होती."